तूर आपली, मिल दुसऱ्याची: जॉबवर्कसाठी दाल मिल कशी निवडावी

तूर गटातल्या बायकांच्या वावरातली, पाकिटावर नाव गटाचं, पण डाळ मजुरी देऊन भरडून घ्यायची दुसऱ्याच्या मिलमध्ये, यालाच जॉबवर्क म्हणतात. विदर्भातले बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या या वाटेने जाऊ लागल्या आहेत, आणि वाट चांगली आहे. स्वतःची मिल टाकायची तर शेड हवी, थ्री-फेज कनेक्शन हवं, यंत्रं हवीत, हाताशी मिस्त्री हवा. शिवाय हंगाम सरला की सगळं भांडवल धूळ खात पडणार. नव्या गटाने तो पैसा तुरीत आणि विक्रीत घालावा, भरडाई ज्याचा त्यात हात बसला आहे त्याच्याकडून करून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिल चुकीची निवडली तर मात्र त्रास मोठा. दुकानदाराला सोमवारचा शब्द दिलेला असतो आणि डाळ पुढच्या शुक्रवारी येते. आली तर उतारा, म्हणजे तुरीतून निघालेली डाळ, कमी. कधी तुरीच्या डाळीत हरभऱ्याची डाळ दिसते. बोलणी खावी लागतात ती गटाला, कारण गिऱ्हाइकाला मिल दिसत नाही, पाकिटावरचं नाव दिसतं.

खालचं सगळं उदाहरण तुरीचं आहे. हळद दळून घेणाऱ्यांना, तिखट कांडून घेणाऱ्यांना किंवा जवसाची चटणी करून घेणाऱ्यांना पायऱ्या बहुतेक त्याच लागू होतात. जिथे फरक पडतो तिथे सांगितलं आहे.

पायरी १: मिलवर जाण्याआधी आपल्याला काय हवं ते लिहून काढा

नवा माणूस मिलवर जातो आणि पहिला प्रश्न विचारतो, "भाऊ, क्विंटलला काय घेता?" मिलवाला विचारतो, "कोणती डाळ पाहिजे?" इथे आपण गप्प झालो की पुढचं सगळं त्याच्या सोयीने ठरतं.

म्हणून बैठकीतच ठरवून एका कागदावर उतरवा. डाळ फटका (वरच्या प्रतीची) हवी की सव्वा नंबर (त्याखालच्या प्रतीची) चालेल. पॉलिश हवं की नको. तुकडा किती टक्क्यांपर्यंत चालेल. सुटी डाळ पोत्यात हवी की अर्धा-एक किलोच्या पाकिटात. महिन्याला किती लागेल, आणि हंगामात एकदम किती. तूर कोणत्या वाणाची आहे हेही लिहा. पीकेव्ही तारा, बीडीएन ७११, मारुती, आशा या तुरी दाण्याच्या आकाराने आणि रंगाने सारख्या नाहीत. वेगवेगळ्या आकाराचा दाणा एकाच लॉटमध्ये गेला तर बारीक दाणा न सोलता सुटतो आणि मोठा दाणा फुटून त्याचा चुरा होतो. वाण वेगळे ठेवून, प्रतवारी करून तूर दिली तर निम्मी भांडणं मिलवर जाण्याआधीच मिटतात.

ओलावाही नोंदवा. हमीभावाच्या खरेदीत तुरीला १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, आपणही तोच आकडा धरावा. ओलावामापक नसेल तर शेजारच्या खरेदी केंद्रावर किंवा गोदामावर मोजून घ्या. दाताखाली दाणा दाबून कट् आवाज येतो का, हे कास्तकाराला चांगलं कळतं. पण उताऱ्याचा वाद निघाला तर दाताची साक्ष चालत नाही, आकडा लागतो.

पायरी २: कोणत्या प्रकारची मिल आपल्या मापाची आहे

आपल्याकडे साधारण तीन प्रकारच्या मिल सापडतात.

पहिली मोठी मिल. अकोला आणि नागपूर ही डाळीच्या धंद्याची जुनी ठाणी. तिथल्या मिलमध्ये दगड काढायचं यंत्र, प्रतवारीच्या चाळण्या, रंग ओळखून खराब दाणा बाजूला टाकणारं सॉर्टेक्स यंत्र, कधी यांत्रिक ड्रायरही असतो. डाळ देखणी निघते. पण त्या यंत्रणेची पोटं भरायलाच बराच माल लागतो. पाच-दहा क्विंटल घेऊन गेलात तर तो वेगळा चालवणं मिलवाल्याला परवडत नाही.

दुसरी मिनी दाल मिल. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल विदर्भातल्या गावागावांत पोचली आहे. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची पीएमएफएमई योजना २०२० साली आल्यावर गटांनी आणि तरुणांनी अशी आणखी युनिटं उभी केली. इथे एका क्विंटलचाही लॉट वेगळा निघतो, मालक समोर उभा असतो, आपण तिथे बसून बघू शकतो. उणीव अशी की सॉर्टेक्स बहुधा नसतं, वाळवण उन्हावर असतं आणि वीज गेली की काम थांबतं.

तिसरी दुसऱ्या शेतकरी कंपनीची मिल. स्वतःच्या सभासदांचं काम संपलं की त्यांचं यंत्र मोकळं असतं आणि त्यांना बाहेरचं काम हवं असतं. माझा कल याच मिलकडे असतो, कारण हिशोबाची वही ठेवायची सवय त्यांना आधीच लागलेली असते. मात्र एक गोष्ट विचारून घ्या: त्यांचं स्वतःच्या नावाचं डाळीचं पाकीट बाजारात आहे का, आणि ते तुमच्याच दुकानात जातं का? तसं असेल तर हंगामाच्या गर्दीत त्यांचा माल आधी निघणार, हे धरून चाला.

महिन्याला वीस-पंचवीस क्विंटलच्या आत काम असेल तर मिनी मिल किंवा शेजारची शेतकरी कंपनी बघा. ट्रकच्या मापात माल जाऊ लागला की मोठ्या मिलकडे वळा.

पत्ते मिळवायला जिल्हा उद्योग केंद्र, तालुका कृषी अधिकारी, बचत गटांचं काम बघणाऱ्या उमेद किंवा माविमचे कार्यकर्ते, आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे बाजार समितीतले हमाल आणि पिकअपवाले. कोणत्या मिलवर गाडी लगेच खाली होते आणि कुठे दोन दिवस उभी राहते, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

पायरी ३: नकाशा काढा

समजा तूर राळेगाव तालुक्यात आहे आणि गिऱ्हाईक नागपुरात. हिंगणघाट किंवा वर्ध्याची मिल वाटेवरची. अकोल्याची मिल निवडली तर माल आधी पश्चिमेला जाणार, मग डाळ होऊन तेवढंच अंतर पूर्वेला परत येऊन पुढे नागपूरला जाणार. अकोल्याची डाळ थोडी देखणी निघेल, पण भाडं, हमाली आणि दोन वेळची चढ-उतर किलोमागे किती पडते ते आधी मांडा.

मांडताना हे ध्यानात ठेवा: जाताना १०० क्विंटल तूर जाते, येताना सत्तर-बहात्तर क्विंटल डाळ येते. चुनी-टरफल (भरडताना निघणारा चुरा आणि साल) मिलवरच विकायचं असेल तर येताना गाडी हलकी असते. म्हणून मिल तुरीच्या जवळ असली की सहसा फायदा. टाटा एस किंवा पिकअप करताना परतीचं भाडं आधी ठरवा. मिलवाल्याची स्वतःची गाडी नागपूरला जात असेल तर त्याच्या मालासोबत आपलीही पोती जाऊ शकतात. पावसाळ्यात मिलपर्यंतचा रस्ता कसा असतो तेही विचारा, काळ्या मातीत रुतलेली भरलेली गाडी बाहेर काढायला दिवस जातो.

पायरी ४: मिल चालू असताना जा, आणि सावकाश बघा

फोनवर ठरवू नका. रविवारी बंद मिल बघून उपयोग नाही; माल चालू असेल त्या दिवशी जा. सोबत गटातली एक अशी बाई न्या जिने आयुष्यभर घरची डाळ जात्यावर भरडली आहे. तिला जे दिसतं ते अध्यक्ष-सचिवांना दिसत नाही.

आधी एलिव्हेटरच्या बुडाशी बघा. धान्य वर चढवणाऱ्या पट्ट्याच्या खाली एक पेटीसारखी जागा असते, तिथे आधीच्या मालाचे दाणे अडकून राहतात. झाकण उघडायला सांगा. आत हरभरा, मूग, लाखोळी दिसली तर विचारा, "भाऊ, आमचा लॉट चालवण्याआधी हे साफ करता का? कसं करता?" चांगला मिलवाला चिडत नाही. तो सांगेल की हवा मारून, झाडून घेतो आणि तुमच्याच तुरीचं पहिलं अर्धं पोतं काढून बाजूला ठेवतो. त्या अर्ध्या पोत्याचं काय करायचं तेही मग ठरवता येतं.

लाखोळीबद्दल विशेष सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे धान निघाल्यावर बांधीत लाखोळी घेतात, आणि तिची डाळ तुरीच्या डाळीसारखी दिसते. तुरीत ती मिसळली की भेसळ झाली, मुद्दाम असो की नजरचुकीने. ज्या मिलमध्ये लाखोळी भरडली जाते तिथे सफाईचा प्रश्न दुप्पट काटेकोरपणे विचारा.

मग कोपऱ्यात काय ठेवलं आहे ते बघा. शंखजिऱ्याच्या पावडरीची (डाळीला चमक आणायला चोळतात त्या दगडी भुकटीची) पोती किंवा रंगाचा डबा दिसला तर तिथून निघा. भरडण्याआधी तुरीला तेलाचा हात लावतात. तो कोणत्या तेलाचा, डबा खाण्याच्या तेलाचा आहे का, हे बघा. वाळवण कुठे होतं? सिमेंटच्या खळ्यावर की मातीवर? ताडपत्री आहे का? अवकाळी पाऊस आला तर किती मिनिटांत माल झाकतात? कुत्री-जनावरं तिथे शिरतात का?

गोदामात हात घालून जुनं पोतं चाळा. दाण्याला बारीक गोल भोक असेल तर भुंगेरा आहे, आणि तो आपल्या मालातही शिरणार. काटा बघा, त्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा मुदतीतला शिक्का आहे का ते बघा. वजनाचं रजिस्टर मागा: कोणाचा माल, कधी आला, किती वजनाचा, डाळ किती, चुनी किती, कधी गेला. हे रजिस्टर नीट असलेली मिल मिळाली तर मजुरीत थोडं जास्त द्यायलाही हरकत नाही.

जॉबवर्कवाल्यांना हमखास ऐकावं लागणारं एक वाक्य असतं: "ताई, तूर ती तूर. तुमची इथे टाका, आमची तयार डाळ लगेच घेऊन जा." घरच्या खाण्यापुरती ही अदलाबदल चालून जाते. स्वतःच्या नावाने विकायच्या डाळीसाठी ती चालत नाही. आपण गिऱ्हाइकाला आमच्या गावची, बिनपॉलिशची, अमुक वाणाची डाळ असं सांगतो. अदलाबदल झाली की त्यातलं एकही वाक्य खरं उरत नाही. वायगाव हळद किंवा भिवापूर मिरचीच्या बाबतीत तर हा कायद्याचाही प्रश्न आहे, कारण त्या नावांना भौगोलिक मानांकन आहे आणि ते नाव लावायचं तर पूड त्याच मालाची असावी लागते.

पायरी ५: चाचणी लॉट द्या आणि पै-पैचा हिशोब मांडा

ही पायरी कोणीही गाळू नये. दोन किंवा तीन मिल मनात भरल्या असतील तर प्रत्येकीला सारखीच तूर द्या. सारखी म्हणजे एकाच ढिगाऱ्यातली, नीट कालवलेली, एकाच ओलाव्याची. मिनी मिलला एक-दोन क्विंटल पुरे, मोठ्या मिलला ती सांगेल तेवढा किमान लॉट. सुरुवातीला आपल्यासमोर वजन करा आणि शेवटी डाळ, तुकडा, चुनी, टरफल, काडीकचरा हे सगळं वेगवेगळं मोजून लिहा. सगळ्याची बेरीज तुरीच्या वजनाच्या जवळपास यायला हवी. ओलावा उडाल्याची थोडी घट समजण्यासारखी असते. मोठा आकडा हवेत गेला असं कोणी सांगू लागलं तर तो माल हवेत गेलेला नसतो.

तुरीत सालाचा भाग साधारण १२ ते १५ टक्के असतो, म्हणजे सगळं उत्तम झालं तरी ८५ ते ८८ टक्क्यांच्या वर डाळ निघणं शक्य नाही. चांगल्या मिलमध्ये ७० ते ७५ टक्के उतारा मिळतो. यंत्र जुनं असेल, साल घासून काढणारे रूळ झिजलेले असतील, वाळवण घाईत उरकलं असेल तर उतारा साठीच्या घरात येतो.

आता आकडे. एक मिल क्विंटलला ४०० रुपये मजुरी घेते आणि ६९ टक्के डाळ देते, दुसरी ४५० घेते आणि ७३ टक्के देते, असं धरा. १०० क्विंटल तुरीवर पहिल्या मिलमध्ये मजुरीचे ५,००० रुपये वाचतात. दुसऱ्या मिलमध्ये ४ क्विंटल डाळ जास्त येते. ठोक भाव किलोला ११० रुपये धरला तर ती ४४,००० रुपयांची झाली. तीच ४ क्विंटल पहिल्या मिलमध्ये चुनी होऊन निघाली असती आणि चुनीचे किलोला २० रुपये धरले तर ८,००० मिळाले असते, ते वजा करा. राहिले ३६,०००. त्यातून मजुरीचे जास्तीचे ५,००० गेले तरी दुसरी मिल ३१,००० रुपयांनी पुढे. म्हणून मजुरीचा दर हा प्रश्न यादीत शेवटी ठेवावा, असं मी प्रत्येक नव्या गटाला सांगतो.

चुनी कोणाची, हे इथेच विचारा. पुष्कळ ठिकाणी मजुरी कमी सांगतात आणि चुनी-टरफल ठेवून घेतात. ते चालेल, पण त्याची किंमत मजुरीत धरूनच तुलना करा. गटातल्या बायकांकडे दुभती जनावरं असतील तर चुनी परत आणणंच बरं.

दिवसांचाही हिशोब करा. २०२५-२६ च्या हंगामाला तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आहे. त्या भावाने १०० क्विंटल तूर म्हणजे ८ लाख रुपये. कर्जाचं व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तर माल मिलवर पडून राहिलेला प्रत्येक दिवस साधारण २६३ रुपये खातो. सहा दिवसांचं काम सव्वीस दिवसांवर गेलं तर वीस दिवसांचे ५,००० रुपयांहून जास्त व्याजात गेले, म्हणजे स्वस्त मजुरीत वाचवलेले सगळे. शिवाय दुकानातली रिकामी फळी दुसऱ्याच्या पाकिटाने भरते. ती जागा परत मिळवणं फार कठीण.

चाचणीची डाळ घरी शिजवून बघा. ती किती वेळात शिजते, वरण घट्ट येतं का, वास कसा आहे. पांढऱ्या फडक्यावर मूठभर चोळा. रंग लागला तर विषय संपला. एक नमुना बंद पिशवीत तारीख घालून जपून ठेवा आणि एक एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवा. हळद आणि तिखटाची तपासणी तर प्रत्येक लॉटची करावी असं मी म्हणेन, कारण तिथे रंगाची भेसळ आणि बुरशीचं विष हे दोन्ही धोके खरे आहेत. हळद-मिरची दळताना चक्की किती तापते तेही हात लावून बघा. पूड चटका लागण्याइतकी गरम निघत असेल तर वास आणि रंग उडतो आहे.

पायरी ६: कागदपत्रं तपासा

मिलचा अन्न परवाना एफएसएसएआयचा असतो, त्याचा क्रमांक १४ अंकी. भिंतीवरच्या फ्रेमचा फोटो काढा आणि फॉसकॉस संकेतस्थळावर क्रमांक टाकून बघा. परवाना चालू आहे का, पत्ता हाच आहे का, आणि डाळीच्या उत्पादनाचा आहे का. नुसत्या व्यापाराच्या परवान्यावर भरडाई-पॅकिंग चालत असेल तर अडचण उद्या आपल्याला येईल.

आपल्या नावाने पाकीट विकायचं तर आपल्या गटालाही नोंदणी किंवा परवाना लागतो, आणि पाकिटावर आपलं तसंच मिलचं, दोघांचंही नाव, पत्ता आणि क्रमांक यावा लागतो. शिवाय निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, किती दिवस चांगली राहील, लॉट नंबर, सर्व करांसह कमाल किंमत, एककाचा दर (किलोखालच्या पाकिटाला ग्रॅममागे, किलोवरच्या पाकिटाला किलोमागे), शाकाहाराची हिरवी खूण आणि तक्रारीसाठी फोन नंबर. वजनाच्या नियमांसाठी वैधमापन शास्त्र विभागाच्या तालुक्याच्या निरीक्षकाला एकदा भेटून घ्या.

कर सल्लागाराला दोन प्रश्न जरूर विचारा. जॉबवर्कला माल पाठवताना विक्रीचं बिल फाडायचं नसतं, डिलिव्हरी चलनावर पाठवायचा असतो आणि जीएसटी नोंदणी असेल तर तो वर्षाच्या आत परत यावा लागतो; हे चलन कसं भरायचं, हा पहिला. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील पाकिटातल्या डाळीवर जीएसटी लागतो. आपल्याला तो कसा लागू होईल, हा दुसरा.

ॲगमार्कचा, म्हणजे शेतमालाच्या प्रतीचा सरकारी शिक्का डाळीला सक्तीचा नाही. पण पुढे हवाच वाटला तर केंद्रीय ॲगमार्क प्रयोगशाळा नागपुरातच आहे.

पायरी ७: करार लिहून घ्या, ओळखीचा माणूस असला तरी

"अरे, आपलाच माणूस आहे" म्हणून कागद टाळतात, आणि मग आपल्याच माणसाशी कायमचं तोंड फिरवावं लागतं. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर दोन-तीन पानांचा मराठी करार पुरतो. त्यात या गोष्टी साध्या शब्दांत याव्यात.

माल शेवटपर्यंत गटाचा आहे, मिल फक्त काम करते. किमान उतारा किती, आणि त्याखाली गेला तर फरकाची भरपाई कशी. हा आकडा चाचणी लॉटवरून ठरवा आणि त्यात एक-दोन टक्क्यांची सूट ठेवा, कारण तूर दरवर्षी सारखी येत नाही. चुनी-टरफल कोणाचं. माल पोचल्यापासून किती दिवसांत डाळ द्यायची. वीज आणि पाऊस यांसाठी किती दिवसांची मुभा. उशीर झाला तर मजुरीत किती कपात. हमाली आणि बारदाना कोणाचा. आमचा लॉट वेगळा चालेल आणि आमचा माणूस कधीही येऊन बघू शकेल. आमचं काम परस्पर दुसऱ्या मिलला द्यायचं नाही.

विम्याची ओळ विसरू नका. मिलला आग लागली तर मिलवाल्याच्या विम्यात त्याचा माल येतो. दुसऱ्यांचा ठेवलेला माल येतोच असं नाही. पॉलिसीत तसं लिहिलं आहे का ते बघा. नसेल तर माल थोडा-थोडा पाठवा आणि उरलेली तूर राज्य वखार महामंडळाच्या गोदामात ठेवा. गोदाम पावतीवर तारण कर्जही मिळतं, म्हणजे तूर पडून असली तरी पैसा पूर्ण अडकत नाही.

आपल्या बाजूनेही शब्द द्या. कोणत्या महिन्यात किती माल येईल ते आधी कळवू, मजुरी ठरल्या दिवशी देऊ. लहान मिलवाल्याचंही घर त्या पैशांवर चालतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदाच आहे, पण आपल्याला काम वेळेवर हवं तर आपण डाळ उचलतानाच हिशोब चुकता करावा. पैसे वेळेवर देणाऱ्याचा लॉट रांगेत मागे राहत नाही.

पायरी ८: पाकिटाचा रोल आणि सिलिंडर आपल्या ताब्यात ठेवा

पहिल्या वर्षी छापील रोलच्या फंदात पडू नका. त्या छपाईला रंगागणिक सिलिंडर करावे लागतात आणि रोलही मोठ्या वजनात घ्यावा लागतो. पत्ता बदलला किंवा मिल बदलली की सगळा रोल वाया. साधं चांगलं पाऊच आणि त्यावर स्टिकर, एवढं पुरे. विक्री बसली की छापील घ्या, आणि सिलिंडरचं बिल गटाच्या नावाने करा.

मिलवर पॅकिंग होत असेल तर पाऊच मोजून द्या, वापरलेले, फाटलेले आणि उरलेले मोजून परत घ्या. आपल्या नावाची रिकामी पाकिटं दुसऱ्याच्या गोदामात पडून राहणं बरं नव्हे. ब्रँडचं नाव चांगलं जमलं असेल तर ट्रेडमार्कची नोंदणी करा, ती दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. अर्ज गटाच्या किंवा कंपनीच्या नावाने करा, मिलवाल्याच्या किंवा कोणा एका सभासदाच्या नावाने करू नका.

पायरी ९: वर्षाचं वेळापत्रक आणि दुसरी मिल

तूर डिसेंबरअखेर निघायला लागते, जानेवारी-फेब्रुवारीत जोर असतो. त्याच वेळी मोठ्या मिल स्वतःच्या खरेदीत बुडालेल्या असतात आणि जॉबवर्क मागे पडतं. मार्च ते मे हा आपला काळ. ऊन कडक असतं, वाळवण लवकर होतं. मृग लागायच्या आत पावसाळ्यापुरती डाळ काढून ठेवा, कारण पुढचे तीन-चार महिने उघड्या खळ्यावर वाळवण होत नाही. ज्या मिलकडे ड्रायर आहे तिच्याशी पावसाळ्यासाठी वेगळं बोलून ठेवा. दिवाळीच्या मागणीचं काम ऑगस्टमध्येच कळवा.

आणि एकाच मिलवर सगळा भार टाकू नका. चाचणीत दुसरी आलेली मिल सोडून देऊ नका. वर्षाकाठी आपल्या कामाचा पाचवा-सहावा हिस्सा तिला देत राहा. मोटार जळाली, मालकाच्या घरी दुःख झालं, कामगार गावी गेले, असं काहीही होतं. अशा वेळी अनोळखी दारात उभं राहण्यापेक्षा ओळखीच्या मिलला फोन करता आला पाहिजे.

प्रत्येक लॉटची एक ओळ वहीत लिहा: तूर किती, ओलावा किती, डाळ किती, कधी दिली, कधी मिळाली, तक्रार काय आली. पाच-सहा लॉट झाले की ती वही घेऊन मिलवाल्यासमोर बसा. उतारा घसरत असेल तर आधी आपल्या तुरीकडे बघा, मग त्याच्या रुळांकडे. बहुतेक वेळा एमरीचा (खरखरीत दगडाच्या थराचा) रूळ बदलला किंवा वाळवण एक दिवस वाढवलं की आकडा वर येतो.

तरीही जमलं नाही आणि मिल बदलायची वेळ आली तर हंगामाच्या मध्यावर बदलू नका. चालू लॉट पूर्ण होऊ द्या, शिल्लक डाळ, चुनी, बारदाना, पाऊच, सिलिंडर मोजून ताब्यात घ्या, मजुरी चुकती करून हिशोब मिटल्याचा कागद दोघांच्या सहीने करा, आणि नव्या मिलचा पत्ता व परवाना क्रमांक पाकिटावर बदलल्याशिवाय तिथून एकही पाकीट बाहेर काढू नका.